परवलीचे सहा शब्द

मंगळवारी सकाळी मी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. केलं ते एवढंच. त्याआधी अर्धा तास मी टेबलाखाली डोकं घालून पेनड्राइव्ह ह्या भोकातून त्या भोकात खुपसत होते आणि पडद्यावर काही म्हणता काही उमटत नव्हतं. पेनड्राइव्ह नवा होता, दुकानातल्या मुलीने माझ्यासमोर चालवून दाखवला होता. पण आमच्या मशीनला तो दिसतच नव्हता. कोपऱ्यात मात्र एक पिवळी चौकट केव्हाची बसून होती: अपडेट उतरले आहेत, पूर्ण होण्यासाठी मशीन पुन्हा सुरू करा. ही चौकट मला नवी नव्हती. चार महिने ती रोज येत होती आणि रोज मी तिला, दारावर आलेल्या विक्रेत्याला वाटेला लावावं तशी, बाजूला करत होते. त्या दिवशी वाटलं, हिच्यामुळेच अडलं असेल. पुढे कळलं की खरंच तिच्यामुळेच अडलं होतं. माझा तर्क बरोबर होता, ह्याचं मला अजून हसू येतं. मी ‘हो’ म्हटलं. पंखा थांबला. खोली एकदम इतकी शांत झाली, की तो पंखा इतके दिवस घरघरत होता हे मला तेव्हा जाणवलं. मग पुन्हा घरघर, काळा पडदा, आणि वर डाव्या कोपऱ्यात एकच ओळ. डिस्क उघडण्यासाठी परवलीचे शब्द टाका. पुढे एक लुकलुकणारी रेघ.

मी माझा पासवर्ड टाकला. माझ्यासाठी ह्या मशीनवर त्याने वेगळं दार करून दिलं होतं आणि त्याची किल्ली साधी होती, मुलीचं लाडाचं नाव आणि आमच्या जुन्या घराचा नंबर. ती लागेना. अक्षरं टाकताना पडद्यावर काही दिसतही नव्हतं, टिंबंसुद्धा नाहीत. आपण टाइप करतोय की नुसतीच बोटं नाचवतोय, कळत नव्हतं. तीन वेळा चुकल्यावर मशीनने मला हाकललं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तेव्हा कुठे लक्षात आलं. हे माझं दार नव्हतंच. हे बाहेरचं फाटक होतं. ते त्याने स्वतः उघडलं होतं, आजारी पडायच्या आधी कधीतरी, आणि मशीन तेव्हापासून बंदच झालं नव्हतं म्हणून ते उघडं राहिलं होतं. मी इतके दिवस त्यातून ये-जा करत होते आणि फाटक आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

तो मागेच बसला होता. खिडकीजवळच्या खुर्चीत, उजवा हात मांडीवर, म्हणजे मी सकाळी ठेवला होता तसाच. “अरे, हे काय मागतंय बघ ना,” मी म्हटलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला, जणू चष्मा कुठे ठेवलाय विचारतेय. त्याने पडद्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, “असं नाही.”

पक्षाघातानंतर त्याच्या सगळ्या भाषेतून हे दोनच शब्द उरले होते. चहा हवा का विचारलं तरी ‘असं नाही’, दुखतंय का विचारलं तरी ‘असं नाही’, आणि मुलीचा फोन आला की आनंदाने, हसऱ्या डोळ्यांनी, ‘असं नाही, असं नाही!’ डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादा शब्द चिकटून राहतो, त्यातून अर्थ काढू नका. पण अर्थ कसा काढायचा नाही? अट्ठावीस वर्षं ह्या माणसाने मला हेच तर सांगितलं होतं. कपडे वाळत घालताना, कागद घडी करताना, फोनवर कुठलंतरी बटण दाबताना. असं नाही, इकडे दे. त्या दिवशी मी खुर्ची टेबलापाशी ओढली, त्याचा डावा हात कीबोर्डवर ठेवला आणि म्हटलं, “तू टाक. हळूहळू टाक.” त्याने टाकलं. एका बोटाने, ठाम, न अडखळता, एखाद्या लांबलचक वाक्याएवढं टाकलं आणि एंटरची मोठी कळ दाबली. मशीन म्हणालं, चूक. त्याने पुन्हा तितक्याच खात्रीने टाकलं. चूक. तिसऱ्या वेळी मी कीबोर्डकडे बघत होते. तो एकाच ओळीतल्या कळा डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा उजवीकडून डावीकडे दाबत होता. चेहरा मात्र अगदी पूर्वीचा होता, काम नीट चाललं असल्याचा.

पेनड्राइव्ह लागला होता तो स्पीच थेरपिस्टसाठी. ती आठवड्यातून दोनदा यायची, पंचविशीतली, केस घट्ट बांधलेली, कामाला चोख. पहिले सहा महिने महत्त्वाचे असतात, ती म्हणायची, नंतर सुधारणा होतेच असं नाही. आणि मागच्या शुक्रवारी तिने विचारलं होतं, “काकू, काकांचा जुना आवाज आहे का कुठे? गप्पा, गाणं, काहीही. स्वतःचाच आवाज ऐकवून त्यावर व्यायाम घेतला की काही जणांना फरक पडतो.” मी म्हटलं, आहे की. आहे म्हणजे भरपूर आहे. मुलगी लहान असताना तो तिला रोज एक गोष्ट सांगायचा, मनाने रचलेली, नकाशावरच्या गावांची. एका गावातले सगळे रस्ते गोल असतात म्हणून कुणी कुणाच्या घरी वेळेवर पोचत नाही, अशा. त्या त्याने छोट्या टेपरेकॉर्डरवर भरून ठेवल्या होत्या, तीन-चार वर्षांच्या. नंतर सगळ्या मशीनमध्ये घेतल्या आणि कॅसेटी टाकून दिल्या. जागा अडते म्हणून मीच मागे लागले होते. रविवारी मी त्यातली एक लावून पाहिली. दोन-तीन मिनिटं. मध्येच लहानपणीची मुलगी विचारत होती, ‘पण मग बाबा, पोस्टमन काय करतो?’ आणि त्याचा आवाज म्हणाला, ‘पोस्टमन ना,’ आणि मी बंद केलं. सवडीने ऐकू म्हटलं. एकटीने ऐकायचं नव्हतं मला, की त्याच्यासमोर ऐकायचं नव्हतं, कोण जाणे. सवडीने म्हणजे मंगळवारी, कारण मी काम करते ते चष्म्याचं दुकान मंगळवारी बंद असतं.

दुपारी मी दाढीवाल्याला बोलावलं. ह्याचा एकुलता एक मित्र म्हणावा असा. महिन्यातून एका रविवारी आठ-दहा जण जमायचे आणि आपापली मशीनं मांडून बसायचे, त्यातला तो. तो आला, चपला काढतानाच म्हणाला, “वहिनी, रिस्टार्ट नाही ना केलंत?” मी पडद्याकडे बोट दाखवलं. तो टेबलाशी बसला, ती ओळ बघितली, आणि दाढीतून हात फिरवत राहिला. “चालू होतं तेव्हा पाच मिनिटांचं काम होतं,” तो म्हणाला. “दुसरी किल्ली घालता आली असती. म्हणजे, नक्की नाही सांगता येणार, पण प्रयत्न करता आला असता. मला एक फोन...” तिथे त्याचं त्याला कळलं आणि तो थांबला.

“आता?”

“आता शब्द हवेत. सहा शब्द. ते फक्त त्याच्याकडे.”

“कुठे लिहून ठेवले नसतील?”

“तो?” दाढीवाला जवळजवळ हसलाच. मग खुर्चीतल्या माणसाकडे वळून, मोठ्या आवाजात, बहिऱ्याशी बोलावं तसं, “काय मित्रा! काम चोख केलंयस हं! सरकार आलं तरी उघडणार नाही!” त्याच्या बोलण्यात खरं कौतुक होतं. आणि माझा नवरा, चार महिन्यांत पहिल्यांदा, ताठ बसला. शाबासकी मिळालेल्या पोरासारखा. मला त्या क्षणी दोघांचाही इतका राग आला की मी चहा टाकते म्हणून आत गेले आणि चहा न टाकता ओट्याला धरून उभी राहिले.

ते सहा शब्द ठरले तो दिवस मला आठवतो. जेवणाच्या टेबलावर तो पाच फासे घेऊन बसला होता आणि शेजारी त्याने स्वतः तयार केलेली शब्दांची वही, सात हजार सातशे शहात्तर शब्द, प्रत्येकापुढे पाच आकडे. फासे टाकायचे, आकडे जुळवायचे, शब्द उचलायचा. सहा वेळा. “माणसाने निवडला की शब्द सापडतो,” तो मला समजावत होता, “माणूस आपल्या आवडीचं निवडतो, आणि आवड सगळ्यांना माहीत असते. ह्या सहा शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, माझ्याशीही नाही. म्हणून ते माझे.” मी भाजी चिरत होते. तो आत आला, जरा घुटमळला आणि म्हणाला, “तुला सांगून ठेवू का?” मी वर न बघता म्हटलं, “माझं डोकं आधीच खच्चून भरलंय, त्यात तुझे सहा शब्द नकोत बाबा.” त्याला वाईट वाटलं की सुटल्यासारखं झालं, ते मी तेव्हा बघितलं नाही. आता रोज बघते. रोज मान वर करते आणि तिथे चेहरा नसतो.

त्याचं हे वेड मला कळत नव्हतं असं नाही. लोकांना मी हसत हसत सांगायचे, आमच्याकडे प्रिंटर मूड असेल तर छापतो, अपडेट झाला की आवाज जातो, आवाज आला की कॅमेरा जातो. मुलीशी बोलताना कित्येकदा आम्ही पाट्या लिहून दाखवल्या आहेत. साधा फोटो पाठवायचा तर त्याच्या तीन परवानग्या. पण त्यामागचं मी कुणाला सांगत नसे. तो शहराच्या मोजणी कचेरीत नकाशे काढायचा. नदीकाठच्या गल्ल्यांत घरोघर फिरून त्याने एक नकाशा केला होता, कोण कुठे राहतं, घरात माणसं किती, किती वर्षांपासून, दार कोणत्या बाजूला. नळ येणार आहेत म्हणून. लोकांनी त्याला बसवून घेतलं, पाणी दिलं, सगळं सांगितलं. दोन वर्षांनी तोच नकाशा, त्याच्याच अक्षरातला, घेऊन माणसं आली आणि तीन दिवसांत त्या गल्ल्या साफ झाल्या. कुठलं दार कुठे आहे हे त्यांना विचारावंही लागलं नाही. तो संध्याकाळी घरी आला, बूट न काढता पलंगावर बसला, आणि म्हणाला, “मी विचारलं म्हणून सांगितलं गं त्यांनी.” त्यानंतर हळूहळू त्याने आपलं सगळं जगातून काढून घ्यायला सुरुवात केली. नाव, फोटो, पत्ता, आवाज. आमचंही. मी विरोध केला नाही. मला वाटायचं, ह्याने त्याला झोप येत असेल तर येऊ दे.

आणि काम त्याने खरोखरच चोख केलं होतं. पुढचे दहा दिवस मी त्याचा आवाज शोधत फिरले. नणंदेला फोन केला. ती म्हणाली, “अगं, माझ्या मुलीच्या लग्नाच्या व्हिडिओत असेल की!” मग संध्याकाळी तिचाच फोन आला: नव्हता. त्यानेच व्हिडिओवाल्याला गाठून स्वतःला काढायला लावलं होतं, आणि काढलेलं इतकं बेमालूम होतं की ती म्हणाली, “तो लग्नाला आला होता ना गं? मलाच शंका यायला लागली.” कचेरीत गेले. त्याच्या खुर्चीवर आता दुसरा कोणी होता, त्याने आदराने बसवलं, पण तिथे कुणाकडे काय असणार. शेवटी मुलगी. तिला सांगायचं मी टाळत होते. ती दूर, दुसऱ्या वेळेच्या देशात. तिचा दिवस उगवायच्या आत आमचा अर्धा संपलेला असतो.

“आई, एक कॉपी माझ्याकडे ठेवा म्हणून मी किती वेळा सांगितलं होतं!” ती म्हणाली.

“तुझ्या फोनवर असतील ना गं त्याचे निरोप? बोललेले?”

“चार आठवड्यांनी आपोआप पुसले जातात. त्यांनीच लावून दिलं होतं. माझ्या डोळ्यांदेखत.” मग बारीक आवाजात, “शेवटचा आला होता तो मी ऐकलासुद्धा नव्हता. मीटिंगमध्ये होते. म्हटलं घरी जाऊन ऐकेन. मग तुझा हॉस्पिटलमधून फोन आला, मग विमान, मग धावपळ... नंतर उघडला तर नव्हता.” मी म्हटलं, “काही खास नसेल. हवापाणी विचारलं असेल.” ती म्हणाली, “हो ना.” आम्ही दोघींनी एकमेकींना इतकंच दिलं.

मग मला ती वही आठवली. शब्दांची. ती कपाटातच होती, त्याने ती लपवायची गरजच नव्हती. सात हजार दगडांत सहा दगड लपवले तर ढीग लपवावा लागत नाही. मी दुकानात तीस वर्षं डोळे तपासत आले आहे. माणूस खुर्चीत बसतो, नाकावर ती जड चौकट चढवायची, एक भिंग लावायचं, काढायचं, दुसरं लावायचं आणि विचारायचं, हे की हे? अक्षर ओळखता आलं नाही तरी दोनातलं बरं कुठलं ते माणूस सांगू शकतो. मला वाटलं, शब्द त्याच्या तोंडातून गेले असतील, पण आत कुठेतरी असतील, आणि समोर आले तर तो ओळखेल. रोज दुकानातून आले की साडेपाच ते सात आम्ही बसायचो. मी दोन शब्द मोठ्या अक्षरांत लिहायचे, वाचून दाखवायचे आणि विचारायचे, “हा की हा?” कंदील की उतार. शिंपला की कात्री. जिना की मोहर. तो लक्ष देऊन ऐकायचा. कधी डावं बोट एकावर ठेवायचा. मी त्याला खूण करायचे. थेरपिस्टला मी हे सांगितलं तेव्हा ती सावधपणे म्हणाली, “काकू, त्यांचं हो आणि नाही अजून भरवशाचं नाही. पण शब्दांशी खेळताय ते चांगलंच आहे.”

खेळ. पण खरं सांगायचं तर ते दिवस वाईट नव्हते. कितीतरी वर्षांत आम्ही दोघं असे रोज दीड तास समोरासमोर बसलो नव्हतो. एखाद्या शब्दाला तो हसायचा आणि मला कारण कळायचं. ‘छत्री’ला हसला तेव्हा मला कळलं, आणि मीही हसले, आणि आम्हाला दोघांनाही काय आठवलं ते सांगावं लागलं नाही. पन्नास दिवसांत सगळी वही झाली. खुणा केलेले शब्द निघाले तीनशे अकरा. मी दाढीवाल्याला विचारलं, एवढ्यांतून सहा जुळवायला किती वेळा टाकून बघावं लागेल? त्याने फोनवर हिशोब केला आणि आकडा सांगितला नाही. म्हणाला, “वहिनी, आणि त्यात ते सहाही आहेत हे नक्की पाहिजे.” तेव्हा मला दुकानातली म्हातारी माणसं आठवली. तपासणी म्हणजे परीक्षा आहे असं वाटून ती घाबरतात, आणि आपण मान डोलावून ज्याची वाट बघत असू तेच सांगतात. हो हो, हे जास्त स्पष्ट. मी तीस वर्षं ते ओळखत आले आहे. आणि इथे पन्नास दिवस माझ्या आवाजातली आशा ऐकून हा माणूस बोट ठेवत होता, मला बरं वाटावं म्हणून, आणि मी खुणा करत होते.

तरी मी दुसऱ्यांदा वही काढली. त्या संध्याकाळी मी पहिलं पान उघडलं, दोन शब्द लिहिले आणि विचारलं. त्याने बोट ठेवलं नाही. त्याने डावा हात अख्खा वहीवर ठेवला, पसरून, आणि ती मिटली. “असं नाही,” तो म्हणाला. मी वही उघडली. त्याने पुन्हा मिटली, जोर लावून. त्या हातात अजून जोर आहे हे मला ठाऊक नव्हतं. त्याचे डोळे स्वच्छ होते. मला लख्ख वाटलं, ह्याला येताहेत. ह्याला सहाच्या सहा येताहेत आणि हा सांगत नाही. दोन शब्दांच्या आड बसून राखण करतोय. काय आहे त्यात, माझ्यापासून राखण्यासारखं? की काहीच नाही, आणि फक्त राखणं एवढंच उरलंय त्याच्याकडे? मी उठून उभी राहिले आणि जे बोलू नये ते बोलले. “तू आहेसच कुठे? लग्नात नाहीस, फोनमध्ये नाहीस, पोरीकडे नाहीस. गल्लीतल्या लोकांचं तू सांगितलंस, आणि आमच्या वाटणीचं सगळं पुसून टाकलंस. माझा नवरा कसा बोलायचा, मला विचारलं तर मी काय दाखवू? हे? हे दोन शब्द?” त्याच्या तोंडाचा डावा कोपरा थरथरला. तो रडतो तेव्हा अर्धाच चेहरा रडतो. उरलेला अर्धा तसाच बघत असतो. मी त्याला जवळ घेतलं, पण घेताना मला कळत होतं की मी अजून रागावलेलीच आहे, आणि त्यालाही ते कळत होतं.

सहा महिने झाले. थेरपिस्टने येणं आठवड्यातून एकदावर आणलं आणि म्हणाली, बाकीचे दिवस एक ॲप आहे, त्यावर रोज सराव घ्या, मला इथे बसून त्यांची प्रगती दिसेल. आमच्या मशीनवर ते चाललंच नसतं, मशीन उघडलं असतं तरी. ते त्या दुसऱ्याच जगाचं. मुलीने टॅबलेट पाठवला, पातळ, चकचकीत, डबा उघडताच आपण होऊन जागा झाला आणि त्याने सगळं विचारायला सुरुवात केली. नाव. पूर्ण नाव. जन्मतारीख. राहता पत्ता. आजार कधीपासून. घरात कोण कोण. कुठे आहात ते कळू द्यायचं का? मायक्रोफोन वापरू द्यायचा का? आवाज साठवू द्यायचा का? ह्या आवाजाचा उपयोग सेवा सुधारण्यासाठी आणि आमच्या भागीदारांसाठी करू द्यायचा का? नाही म्हटलं की तेच पान पुन्हा यायचं. अटी अशा पानामागून पान होत्या. अशा अटी तो शेवटपर्यंत वाचायचा, पेन्सिल घेऊन. त्याच्या ह्या वाचण्यापायी आम्ही एकदा नवा फ्रिज परत केला होता. तो शेजारीच बसला होता. मी एकही ओळ न वाचता खाली गेले आणि ‘मान्य’वर बोट ठेवलं. ‘मान्य’. ‘मान्य’. वीस वर्षांचं त्याचं काम संपायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

टॅबलेटवर पेल्याचं चित्र आलं. गोड बायकी आवाज म्हणाला, “हे काय आहे? बोला: पाणी.” लाल ठिपका लागला. तो पडद्याकडे बघत होता. मग त्याने ठिपक्याकडे पाहिलं. आणि मग त्याने तोंड मिटलं, ओठ आत ओढून घट्ट मिटलं. मी वाट बघितली. “बोल ना,” मी म्हटलं. “काहीही बोल. तुझं ते तरी बोल.” त्याचे ते दोन शब्द, ज्यांना सहा महिने मी विटले होते, तेही आले नाहीत. टॅबलेट म्हणाला, “आम्हाला काही ऐकू आलं नाही. पुन्हा प्रयत्न करा.” पुन्हा ठिपका. खोलीत कसलाच आवाज नाही. त्याचा श्वास मला ऐकू येत होता, नाकातून, संथ. “आम्हाला काही ऐकू आलं नाही. पुन्हा प्रयत्न करा.” दहा वेळा, पंधरा वेळा. पुढचं चित्र उघडायला हा शब्द लागत होता आणि थेरपिस्ट तिकडे बसून बघणार होती.

“पाणी,” मी म्हणाले.

पडद्यावर हिरवे तारे उडाले. “उत्तम! तुमच्यात सुधारणा होत आहे.” पुढचं चित्र. “दार,” मी म्हणाले. “झाड. हात. घर.” तो माझ्याकडे बघत होता. दुसऱ्या दिवसापासून मी आवाज थोडा जाड काढायला लागले, मुद्दाम एखादा शब्द चुकवायलाही. एकदम सगळं बरोबर आलं तर कुणालाही शंका येईल. तो तेवढा वेळ शेजारी बसतो, तोंड मिटून, आणि सराव संपला की उठायला हात पुढे करतो. आता तो इतर वेळीही काही बोलत नाही. चहा हवा का विचारलं तर नुसता बघतो.

काल मुलीचा फोन आला. ती रडत होती की हसत होती, आधी कळलंच नाही. “आई, आलेख बघितला मी! थेरपिस्टताईंनी पाठवला. बाबा सत्तर शब्द बोलतात! तू मला सांगितलंसुद्धा नाहीस!”

“अगं, हळूहळू चाललंय,” मी म्हटलं.

“ऐकव ना मला. एकच शब्द. दे त्यांच्याकडे फोन.”

तो खिडकीशी बसला होता. मी फोन हातात धरून उभी राहिले. पलीकडे ती श्वास रोखून थांबली होती, मला ऐकू येत होतं. मी थोडी बाजूला झाले, घसा खाकरला, आणि जाड आवाजात तिला हाक मारली.